चव शिकवायची कशी? वाइन, चहा आणि आपलं नाक

 

आजचा विषय असा आहे की काही घरांत तो ऐकताना मोबाइलचा आवाज कमी करावा लागेल. ज्या मुलामुलींच्या घरात तीन पिढ्यांत वाइनची बाटली आलेली नाही, त्यांना वाइन चाखायला शिकवायचं कसं? हॉटेल मॅनेजमेंटच्या कॉलेजांत, वाइन तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमांत, नाशिकच्या वायनरींत आज हे शिकवलं जातं. शिकणारा मुलगा निफाडचा असतो, सांगलीचा असतो, इकडे बंगालमध्ये बारासातचा किंवा कृष्णनगरचा असतो. त्याच्या हातातल्या पुस्तकात लिहिलेलं असतं, 'या वाइनला ब्लॅककरंटचा वास येतो.' ब्लॅककरंट त्याने आयुष्यात पाहिलेलं नसतं. मग तो काय करतो? पाठ करतो, परीक्षेत लिहितो, पास होतो. वाइन चाखणं मात्र राहूनच जातं.

माझं म्हणणं सरळ आहे. चव शिकवायची म्हणजे परदेशी फळांची नावं पाठ करून घ्यायची नाहीत. विद्यार्थ्याच्या नाकात आधीपासून जे वास साठलेले आहेत त्यांना नाव द्यायचं, क्रम लावायचा आणि शिस्त लावायची. हे आपल्याला जमण्यासारखं आहे, कारण आपल्याकडे चव घेण्याची एक पक्की शाळा दीडशे वर्षांहून जास्त काळ चालू आहे. ती वाइनची नाही, चहाची आहे, आणि ती माझ्या घरापासून लोकलने तासाभराच्या अंतरावर, कोलकात्यात आहे. तिच्याकडे येऊच. आधी हे सगळं कशासाठी, ते पाहू.

शेतकऱ्याचा याच्याशी काय संबंध?

१९८०च्या दशकात शामराव चौगुले यांनी नारायणगावला फेसाळती वाइन बनवायला सुरुवात केली. मग राजीव सामंत अमेरिकेतून परत येऊन नाशिकला उतरले आणि २०००च्या सुमारास त्यांच्या सुला वायनरीच्या पहिल्या बाटल्या बाजारात आल्या. २००१ मध्ये महाराष्ट्र सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं. नाशिक जिल्ह्यात विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला वाइन पार्क झाले. शेतकऱ्यांनी उत्साहाने वाइनच्या द्राक्षांची लागवड केली.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या. आपण खातो ते थॉमसन सीडलेस द्राक्ष वेगळं. वाइनचं द्राक्ष, म्हणजे काबर्ने सोविन्यों, शिराझ, शेनिन ब्लाँ वगैरे, हे मण्याने लहान, सालीने जाड आणि आत बिया असलेलं. ते फळबाजारात चालत नाही. त्याचा चांगला बेदाणा होत नाही. म्हणजे वाइन खपली नाही तर त्या मालाला दुसरी वाटच नाही. २००८ नंतर, मुंबईवरचा हल्ला आणि जागतिक मंदी यांच्या तडाख्यात वाइनची विक्री घसरली, तेव्हा हेच झालं. अनेक बागायतदारांनी वाइनच्या वेली उपटल्या आणि पुन्हा खायच्या द्राक्षांकडे वळले.

मंदी कुणाच्या हातात नसते, हे खरं. पण ज्या देशात वाइन पिणारा नवीन आहे, तिथे आणखी एक धोका कायम असतो. पहिली बाटली खराब निघाली तर गिऱ्हाईक असं म्हणत नाही की ही बाटली बिघडलेली होती. ते म्हणतं, 'वाइन अशीच आंबट असते, आपल्याला नको.' दुकानदाराला फरक कळत नाही, वेटरला कळत नाही, गिऱ्हाईकाला कळत नाही. चांगला माल आणि बिघडलेला माल यांतला फरक सांगणारं माणूस साखळीत कुठेच नसेल, तर चांगला माल पिकवणाऱ्याला चांगला भाव का मिळावा? चाखणाऱ्याचा वर्ग म्हणून लागतो. तो चैनीचा वर्ग नाही, गुणवत्तेचा पहारा आहे.

कोलकात्याची चहाची शाळा

कोलकात्यात चहाचा पहिला लिलाव १८६१ साली झाला. अनेक वर्षं इथल्या लिलावाचं ठिकाण होतं निलहाट हाउस. नाव नीळ-हाट म्हणजे निळीच्या बाजारावरून आलेलं, माल मात्र चहाचा. या व्यवसायात टी-टेस्टर नावाची जमात आहे. एका लांब टेबलावर पांढऱ्या कपांची रांग लावलेली असते. प्रत्येक कपात ठरलेल्या वजनाची पत्ती, ठरलेलं पाणी, ठरलेली मिनिटं. आयएसओ ३१०३ हे आंतरराष्ट्रीय मानक तर १०० मिलिलिटर पाण्याला २ ग्रॅम पत्ती आणि ६ मिनिटं असं सांगतं. टेस्टर आधी कोरडी पत्ती बघतो, मग भिजलेली पत्ती हुंगतो, मग चमच्याने फुर्रकन आवाज करत घोट ओढतो, तोंडात फिरवतो आणि पिकदाणीत थुंकतो. पुढचा कप. दिवसाला शेकडो कप. गंमत म्हणजे या धंद्यात चहाच्या पाण्याला 'लिकर' म्हणतात.

तो फुर्र आवाज हा वाईट शिष्टाचार नव्हे. घोटाबरोबर हवा ओढली की वास घशाच्या मागच्या बाजूने नाकात चढतो. आपण ज्याला चव म्हणतो तिच्यातला मोठा भाग हा असा मागच्या दाराने नाकात गेलेला वास असतो. वाइन चाखणारेही नेमकं हेच करतात.

टी-टेस्टरची भाषाही ठरलेली असते. चहाला 'बॉडी' आहे, तो 'ब्रिस्क' आहे, 'माल्टी' आहे. आणि दार्जिलिंगच्या दुसऱ्या बहराच्या चहाची सर्वांत मोठी स्तुती कोणती? 'मस्कटेल'. म्हणजे मस्कट द्राक्षासारखा! हा नुसता कवीपणा नाही. लिनालूल आणि जेरॅनिऑल हे सुगंधी पदार्थ मस्कट द्राक्षातही असतात आणि दार्जिलिंगच्या चहातही. म्हणजे बंगालच्या विद्यार्थ्याला मस्कट वाइनचा वास शिकवायला पहिल्या दिवशी बाटली उघडायची गरजच नाही. चांगल्या दार्जिलिंगची किटली पुरते.

जीभ काय सांगते, नाक काय सांगतं

पहिला धडा दोघांची कामं वेगळी करण्याचा. नाक बोटांनी घट्ट धरा आणि बडीशेप चावा. गोडसर काहीतरी लागेल, पण बडीशेप कळणार नाही. नाक सोडा, लगेच कळेल. जीभ गोड, आंबट, खारट, कडू आणि मांसाच्या रश्शात किंवा मशरूममध्ये असते ती रसदार 'उमामी' एवढंच सांगते. जिभेच्या टोकाला गोड, मागे कडू असा जो नकाशा शाळेत शिकवायचे तो चुकीचा आहे. सगळ्या चवी जिभेवर सगळीकडे कळतात.

दुसरा धडा आंबटपणाचा. लिंबू पाण्याचे तीन ग्लास करा, कमी, मध्यम आणि जास्त लिंबाचे. घोट घेतल्यावर जिभेखाली लाळ किती सुटते ते बघा. वाइनमधला आंबटपणा असाच मोजायचा, तोंड वाकडं करून नव्हे, लाळेवरून. मग मधल्या ग्लासात साखर घाला. लिंबू तेवढंच आहे, पण आंबट कमी लागतं. लाळ मात्र तेवढीच सुटते. गोडी आंबटपणाला झाकते, घालवत नाही. वाइन समजण्याचं निम्मं गणित इथे सुटतं.

तिसरा धडा टॅनिनचा, म्हणजे तुरटपणाचा. कोरा चहा दोन मिनिटांचा आणि दहा मिनिटांचा असा करा. दहा मिनिटांच्या चहाने हिरड्या आणि गाल आतून कोरडे पडतात. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं, तोंडातलं वंगण जातं, म्हणून खरखर लागते. जांभूळ खाल्ल्यावर होतं तसंच. रेड वाइनमध्ये हा गुण द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून येतो. आता त्या कडक चहात दूध घाला. तुरटपणा उतरतो, कारण टॅनिनला धरायला दुधातली प्रथिनं मिळाली. तुरट रेड वाइन चीजबरोबर मऊ लागते ती याच कारणाने. हा धडा मराठी घरातल्या कुठल्याही गॅसवर होतो.

चौथा धडा 'बॉडी'चा, म्हणजे तोंडातल्या वजनाचा. पाणी, साय काढलेलं दूध आणि म्हशीचं दूध एकामागोमाग घ्या. चव सोडा, फक्त जडपणा बघा.

एवढं होईपर्यंत वर्गात दारूचा एक थेंबही आलेला नाही, हे लक्षात घ्या.

ब्लॅककरंटच्या जागी काय?

१९८०च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या शास्त्रज्ञ अ‍ॅन नोबल यांनी वाइनच्या वासांचं एक चक्र तयार केलं. मधल्या वर्तुळात 'फळ', 'फूल', 'मसाला' असे मोठे गट आणि बाहेर जाताना बारीक नावं. उद्देश असा की लोकांनी 'छान', 'उमदी', 'खानदानी' असले मोघम शब्द सोडावेत आणि पडताळून बघता येतील असे शब्द वापरावेत. कल्पना उत्तम. पण त्यातली बरीचशी फळं कॅलिफोर्नियाच्या बाजारातली. आपण चक्र घ्यायचं, बाजार आपला वापरायचा.

काही ठिकाणी तर परदेशी शब्दापेक्षा आपला शब्द जास्त अचूक बसतो. शिराझमधला मिरीचा वास घ्या. रोटंडोन नावाचा पदार्थ काळ्या मिरीतही असतो आणि शिराझमध्येही. मिरी कुणाची? आपली. गेवुर्झट्रामिनर नावाच्या द्राक्षाला लिचीचा आणि गुलाबाचा वास येतो. लिची बंगाल-बिहारच्या मुलाला कुणी शिकवायला नको. सोविन्यों ब्लाँमध्ये पेरूचा वास येतो. काबर्ने सोविन्यों कच्चं राहिलं तर हिरव्या ढोबळी मिरचीचा. ओक लाकडाच्या पिंपात वाइन मुरली की व्हॅनिला आणि लवंग. लवंगेतलं युजेनॉल ओकमध्येही असतं. काही व्हाइट वाइनमध्ये लोण्याचा वास येतो, तो डायअ‍ॅसिटिलचा.

वासाच्या बाबतीत मराठी गरीब नाही. कुबट, खवट, करपट, आंबूस, उग्र, मातकट, ओशट, खमंग. यांतला प्रत्येक शब्द वेगळी गोष्ट सांगतो, आणि आपल्या आजीला ती सगळी ओळखू यायची. खवट शेंगदाणा आणि कुबट डाळ यांत तिने कधी गल्लत केली नाही. तिला टेस्टिंगचा डिप्लोमा नव्हता, एवढंच.

पण इथे दोन नियम पाळायचे. पहिला, शब्द सगळ्यांना दाखवता आला पाहिजे. 'आमच्या गावच्या पहिल्या पावसासारखा' हे सुंदर आहे, पण गाव तुमचं. म्हणून वर्गात झाकणाच्या लहान बाटल्यांचा संच ठेवायचा: मिरी, लवंग, वेलची, लिंबाची साल, पेरू, केळं, जांभूळ, ओली माती, गूळ. बाटल्यांना कागद गुंडाळायचा, आतलं दिसू द्यायचं नाही, आणि नुसत्या वासावरून ओळखायला लावायचं. पहिल्या दिवशी चांगली चांगली माणसं वेलचीला अडतात. वास ओळखीचा असतो, नाव ओठांवर येत नाही. सरावाने येतं.

दुसरा नियम, वहीत दोन रकाने. डावीकडे आपला शब्द, उजवीकडे जगाचा शब्द. उद्या त्या मुलाला लंडनच्या डब्ल्यूएसईटीसारख्या संस्थेची परीक्षा द्यायची असेल किंवा परदेशी पाहुण्याला वाइन वाढायची असेल, तर ब्लॅककरंटही लागेल. फक्त तो शब्द शेवटी शिकायचा, पहिल्यांदा नाही.

टेहळणीचा अहवाल

सैन्यात तरुण अधिकाऱ्याला टेहळणीचा अहवाल लिहायला शिकवताना एक सवय लावतात: दिसलं काय ते वेगळं लिही, त्यावरून वाटलं काय ते वेगळं लिही. 'टेकडीमागे धूळ उडताना दिसली' हे निरीक्षण. 'शत्रूची वाहनं आहेत' हा निष्कर्ष. धूळ गुरांच्या कळपाचीही असू शकते. वाइनच्या वहीत हेच करायचं. 'रंग विटकरीकडे झुकलेला, लाळ भरपूर, तुरटपणा मध्यम, वास मिरीचा' हे आधी. 'शिराझ असावी, काही वर्षं मुरलेली असावी' हे नंतर. 'आवडली की नाही' हे सर्वांत शेवटी, आणि वेगळ्या ओळीत.

सैन्याकडूनच घेण्यासारखी दुसरी रीत. कोर्ट मार्शलमध्ये सदस्यांचं मत विचारताना सुरुवात सर्वांत कनिष्ठापासून करतात, म्हणजे वरिष्ठाचं ऐकून तो आपलं मत बदलणार नाही. चाखण्याच्या वर्गात शिक्षकाने पहिल्यांदा 'मला स्ट्रॉबेरी जाणवते' म्हटलं की वर्गातल्या सगळ्यांना स्ट्रॉबेरी जाणवते. म्हणून आधी सगळ्यांनी मुकाट्याने लिहायचं, मग नवख्याने वाचायचं, शिक्षकाने शेवटी बोलायचं.

आणि परीक्षा आंधळीच हवी. तीन ग्लास द्या, दोन सारखे, एक वेगळा. वेगळा कोणता ते ओळखायचं. नुसत्या अंदाजानेही तीनात एक वेळ बरोबर येणारच. म्हणून १२ जणांत ४ बरोबर आले तर त्याला काही अर्थ नाही. निदान ८ बरोबर आले तर म्हणायचं की वर्गाला खरंच फरक कळतोय. हा हिशेब समजलेला विद्यार्थी बाटलीच्या किमतीला आणि लेबलला भुलत नाही.

बिघाड आधी शिकवा

युरोपात मुलं घरच्या टेबलावर चांगली वाइन बघत मोठी होतात. आपल्याकडे ती सोय नाही, म्हणून बिघाड लवकर शिकवावेत. ओल्या गोणपाटाचा, कुबट पुठ्ठ्याचा वास आला तर बूच दूषित आहे. फिरकीच्या झाकणामुळे हा प्रकार कमी झाला आहे, त्यामुळे तसं झाकण असलं म्हणजे वाइन हलकी, हा समज सोडा. व्हिनेगर किंवा नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा वास आला तर जिवाणूंचं काम. कापून ठेवलेल्या सफरचंदासारखा शिळा वास आला तर हवा लागली. सडक्या अंड्याचा आला तर गंधकाची भानगड.

आणि आपल्या देशात सर्वांत महत्त्वाचा बिघाड उन्हाचा. मे महिन्यात बंद दुकानाच्या फळीवर उभी राहिलेली बाटली आतून शिजते. फळाचा ताजेपणा जातो, शिजवलेल्या मुरंब्यासारखा वास येतो. यात शेतकऱ्याचा दोष नाही, वायनरीचाही नाही. हे ओळखणारा कर्मचारी असेल तर बाटली परत जाते, साठवण सुधारते. नसेल तर नाशिकचं नाव खराब होतं.

'रेड वाइन खोलीच्या तापमानाला द्यावी' हे वाक्यही तपासून घ्या. ती खोली जुन्या युरोपातली, १६ ते १८ अंशांची. बराकपूरची मे महिन्यातली खोली ३५ची. इथे रेड वाइनही आधी फ्रिजमध्ये ठेवायला हवी, नाहीतर अल्कोहोलचा भपका आणि कडवटपणा एवढंच लागेल.

पिकदाणी आणि प्रामाणिकपणा

आता अवघड भाग. २७ जानेवारी २०२२ रोजी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं, तेव्हा मोठा वाद झाला. अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला, निर्णय अमलात आला नाही. त्या वादात 'वाइन म्हणजे दारू नव्हे' असं वाक्य बरंच ऐकू आलं. माझी विनंती आहे, विद्यार्थ्याला हे वाक्य शिकवू नका. साध्या वाइनमध्ये साधारण १२ ते १४ टक्के अल्कोहोल असतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट म्हटलं आहे की आरोग्याला पूर्ण सुरक्षित असं मद्याचं प्रमाण नाही. शेतकऱ्याच्या हिताची गोष्ट खोट्या पायावर उभी करायची गरज नाही.

म्हणून वर्गातली सर्वांत महत्त्वाची वस्तू ग्लास नाही, पिकदाणी आहे. एकाला २५ मिलिलिटर पुरतात; ७५० मिलिलिटरच्या एका बाटलीत ३० जणांचा वर्ग होतो. थुंकूनही थोडं अल्कोहोल अंगात जातंच, त्यामुळे वर्गानंतर गाडी चालवायची नाही. कायद्याचं वय राज्याराज्यांत वेगळं आहे, पश्चिम बंगालमध्ये २१. त्याखालच्या विद्यार्थ्यांनी लिंबू, चहा आणि वासाच्या बाटल्या यांवर थांबावं. ज्याला धर्माने, घरच्या संस्काराने किंवा स्वतःच्या मनाने तोंडाला लावायची नाही, त्याला नुसतं हुंगून लिहू द्यावं, आणि त्याचे गुण कापू नयेत. चांगल्या नाकाचा माणूस पिणारा असलाच पाहिजे असं नाही. घरात व्यसनाचा त्रास पाहिलेली मुलंही वर्गात असतात. त्यांना कारण न विचारता सूट द्यावी.

बडोद्याच्या मराठी श्रोत्यांना वाटेल, दारूबंदीच्या राज्यात आम्हाला याचा काय उपयोग? तर आज सांगितलेले चारही धडे तुम्हाला कायदा न मोडता करता येतात. हापूस ओळखायला, तूप पारखायला, चहा निवडायला हेच नाक लागतं.

तेव्हा या आठवड्याचा गृहपाठ. एक, नाक धरून बडीशेप. दोन, तीन ग्लास लिंबू पाणी आणि साखर. तीन, दहा मिनिटांचा कोरा चहा आणि मग दूध. घरातल्या सगळ्यांना बसवा, आधी लिहायला सांगा, मग वाचा. सुरुवात सर्वांत धाकट्यापासून करा. काय काय शब्द निघाले ते मला कळवा.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.